डाग फुकट

वडनेरे काकांची वेबसाइट मी सात हजारांत केली होती.
त्यातले दोन अजून यायचे आहेत,
आता कोणत्या तोंडानं मागू.

थीम फुकटातली, कुणीतरी फोडून वाटलेली.
पासवर्ड दुकानाचं नाव, पुढे एक दोन तीन.
कोपऱ्यात रोज लाल गोळा यायचा, अपडेट करा म्हणून;
मी तो कुंकवासारखा राहू दिला
तीन वर्षं.

फोटो मात्र चांगले आले होते.
सिडकोतून स्कूटरवर पांढरी चादर घेऊन गेलो होतो,
तांबट लेनमध्ये अकराच्या सुमाराला जे ऊन उतरतं
ते घागरीच्या पोटात धरलं होतं.

आधी पुण्याहून भाच्याचा फोन आला:
मामा, तुम्ही रमीचा क्लब काढलात का?
काकांना वाटलं, थट्टा.
मग कुणी मोबाइलवर दाखवलं.
दुकानाच्या नावाखाली जपानी अक्षरं,
घड्याळं, बूट, कसल्याशा गोळ्या,
आणि घंगाळाच्या पानावर डोळा मारणारी एक बाई.
काकू म्हणाल्या, हिला आधी काढा, बाकीचं मग बघू.

काढली.
रात्री तीनला ती परत आली.

तिकडे खरं तर माणूस नव्हताच कोणी.
वडनेऱ्यांशी कोणाचं काय वैर?
एक यंत्र फिरत असतं दारं ढकलत,
त्याला रविवार कारंजा माहीत नाही, तांबं-पितळ कळत नाही,
कडी नसलेलं दार तेवढं कळतं.
कडी लावायचे पैसे मी घेतले होते. पाच हजार, रोख.

बाईकडे सगळ्यांचं लक्ष होतं म्हणून
खालचा चौकोन कोणी पाहिला नाही.
पैसे भरायचा क्यूआर बदललेला.
इंदूरच्या कुणा निर्मलाताईंनी लेकीच्या लग्नासाठी
एकेचाळीस तांबे मागवले होते,
पावतीचा फोटोही पाठवला:
अठरा हजार चारशे पन्नास. नाव भलतंच.

मी म्हणालो, तक्रार करू.
केली. नंबर मिळाला, तो वहीत लिहिला.
काकांनी तोवर तांबे मोजायला घेतले होते.
अहो, पैसे आलेच नाहीत आपल्याला.
"पाटीवर नाव कोणाचं होतं?"
एवढंच बोलून ते एकेका तांब्यात पाणी भरून
जुन्या वर्तमानपत्रावर ठेवत गेले,
कागद कुठे ओला होतो का बघत.
ही रोजचीच रीत. पावतीवर छापलेलं आहे,
गळाल्यास डाग फुकट.

सव्विसाव्याखाली कागद काळसर झाला.
तो त्यांनी बाजूला ठेवला,
ज्यानं झाळला त्याला शिवी न देता.
मी त्या ओल्या बातमीकडे बघत राहिलो,
द्राक्षांच्या भावाची होती.

पासवर्डचं सांगितलं मी, नाही असं नाही,
पण शेजारच्या दुकानात मठारकाम चालू असताना.
काका मान डोलवत होते.
माझ्या बोलण्याला की ठोक्यांना, ते अजून कळलेलं नाही.

आता सगळं पुसून नव्यानं बांधलं आहे.
पासवर्ड एकवीस अक्षरांचा, मलाही पाठ नाही.
चिठ्ठीवर लिहून दिला,
कोणाला दाखवू नका म्हटलं, दोनदा.

परवा गेलो तर
ऐरणीमागच्या भिंतीवर, जिथे खडूनं मापं लिहिलेली असतात,
तिथे तो होता, ठळक, माझ्यापेक्षा सुवाच्य अक्षरात,
चौदा इंची हंडा आणि वीस लिटरचा बंब
यांच्या मधोमध.
मी फडकं उचललं.
तेवढ्यात पायरीवर उभ्या गिऱ्हाइकानं
चष्मा वर सरकवून तो सगळा वाचला
आणि विचारलं,
या मापाची घागर केवढ्याला बसेल?